शंभरी ओलांडलेला आखाडा



ही व्याख्यानमाला एका क्रीडाशिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. त्यामुळे निमंत्रण आलं तेव्हाच विषय ठरला. खेळाडूंबद्दल आपण भरभरून बोलतो. पदकं किती आली, कुठे हुकली, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. पण ज्या जागेवर तो खेळाडू घडला, त्या जागेकडे कोणाचं लक्ष जात नाही. ती जागा जुनी होते, भिंतींना पोपडे येतात, छत गळायला लागतं आणि मग एक दिवस ती ‘धोकादायक’ ठरते. आज मला अशा जुन्या होत गेलेल्या जागांबद्दल बोलायचं आहे. बोलणं अमरावतीबद्दलच आहे, पण सुरुवात बर्लिनपासून करतो.

बर्लिनमध्ये डॉइचलँडहाले नावाची एक प्रचंड बंदिस्त क्रीडावास्तू होती. ती १९३५च्या नोव्हेंबरात उघडली आणि १९३६च्या ऑलिंपिकमधलं मुष्टियुद्ध, वजन उचलण्याच्या स्पर्धा आणि कुस्त्या तिथेच झाल्या. त्या वर्षी भारताने हॉकीबरोबर कुस्तीतही आपले खेळाडू पाठवले होते. १९३८ साली हान्ना राइट्श या महिला वैमानिकाने त्या छपराखाली, हजारो लोकांसमोर, हेलिकॉप्टर उडवून दाखवलं. १९४३च्या बॉम्बहल्ल्यात ती इमारत जळाली. १९५७ साली ती पुन्हा उभी राहिली. तिथे गाण्याचे जलसे झाले, सर्कशी झाल्या. १९७० साली जिमी हेंड्रिक्स तिथे गायला. शेवटच्या काही वर्षांत तिथे बर्फ गोठवून आइस हॉकी खेळली जायची. १९९५ मध्ये शहराने तिची संरक्षित वास्तूंच्या यादीत नोंद केली. तरीही २००९ साली तिला टाळं लागलं आणि डिसेंबर २०११ मध्ये स्फोटकं लावून तिचं छप्पर खाली आणलं. पंचाहत्तरी पार केलेली, युद्धातून वाचलेली, कायद्याने संरक्षण दिलेली इमारत काही क्षणांत जमीनदोस्त झाली.

आता त्याच १९३६ सालाकडे अमरावतीहून पाहू. त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं होतं. कबड्डी, मल्लखांब, लेझीम, लाठी असे आपले खेळ त्यांनी तिथे करून दाखवले. आयुष्यात पहिल्यांदाच कबड्डी पाहणारे कितीतरी युरोपीय प्रेक्षक त्या वेळी मैदानाच्या कडेला उभे असतील. नाझी राजवट त्या ऑलिंपिकचा उपयोग स्वतःचा डामडौल मिरवण्यासाठी करत होती, हे आज आपल्याला माहीत आहे आणि ते विसरता कामा नये. पण ही मुलं गेली होती पारतंत्र्यातल्या देशातून, एका कापसाच्या गावातून, एका आखाड्यातून. बर्लिनच्या ज्या छपराखाली त्या वर्षी जगभरचे मल्ल झुंजले ते छप्पर आज नाही, आणि अमरावतीचा तो आखाडा आज एकशे दहा वर्षं उलटून गेल्यावरही चालू आहे. असं का झालं, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

१९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी हा आखाडा सुरू केला. तो काळ जरा डोळ्यांसमोर आणा. अमरावती तेव्हा कापसाची मोठी पेठ होती. गावाभोवती दगडी परकोट होता. पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून निजामाच्या अमलात, १८०७ पासून, हा परकोट बांधायला सुरुवात झाली. पाच दरवाजे आणि चार खिडक्या त्याला होत्या. १८९७ साली शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन याच गावात भरलं होतं आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. १९१४च्या जूनमध्ये लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून आले. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. अशा वर्षात दोन भाऊ तरुणांना जोर-बैठका शिकवायला बसतात, तेव्हा त्यांच्या मनात केवळ दंड फुगवणं नसतं, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. तालमी आणि आखाडे यांच्यावर सरकारची नजर असण्याचा तो काळ. पोरं एकत्र जमतात, शिस्तीत उभी राहतात, एका इशाऱ्यावर हलतात, ही गोष्ट परक्या सरकारला आवडणारी नव्हतीच.

पण वैद्य बंधूंचं खरं मोठेपण मला त्यांनी आखाडा काढला यात दिसत नाही. आखाडे गल्लोगल्ली होते. मोठेपण पुढच्या पावलात आहे. १९२४ साली त्यांनी उन्हाळी वर्ग सुरू केला. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम, देशी व्यायाम आणि देशी खेळ शिकवण्याचा. त्याच्या चारच वर्षं आधी, १९२० साली, हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं होतं. आपल्या देशात व्यायामशिक्षक तयार करण्याचं रीतसर शिक्षण तिथून सुरू झालं असं आपण वाचतो, आणि ते बरोबरच आहे. तिथला पाया मात्र पाश्चात्त्य जिम्नॅस्टिक्स आणि पाश्चात्त्य मैदानी खेळांचा होता. मल्लखांब, जोडी, लाठी, लेझीम, हुतुतू हेही शिकवण्याचे विषय आहेत, त्यांना क्रम आहे, पायऱ्या आहेत, चुका आहेत आणि त्या दुरुस्त करण्याची रीत आहे, असं धरून अमरावतीने शिक्षक घडवायला घेतले. अमरावतीचा मे महिना काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. पंचेचाळीस अंशांत पहाटे उठून ही माणसं घाम गाळत होती आणि शिकून आपापल्या गावी परत जात होती.

हे मी जरा ठासून सांगतो आहे, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. अमरावतीतून बाहेर पडलेला माणूस पैलवान होऊन गेला नाही, शिक्षक होऊन गेला. पैलवान एका मैदानावर एकदा जिंकतो, त्याचं नाव होतं, मग वय होतं. शिक्षक ज्या गावी जातो त्या गावी नवा आखाडा उभा राहतो. खेडचे शिवराम हरी राजगुरू, ज्यांना २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर लाहोरला फाशी दिलं, त्यांनीही काही काळ या आखाड्यात शिक्षण घेतलं होतं. अमरावतीकरांना हे ठाऊक आहे. पण आपण ते नाव भिंतीवर लावतो आणि थांबतो. देशासाठी जीव द्यायला निघालेल्या एका तरुणाला पुण्या-काशीबरोबर अमरावतीचीही वाट धरावीशी वाटली, याचा अर्थ त्या काळी या आखाड्याची कीर्ती कुठवर पोचली होती, एवढा तरी विचार करा.

१९४९ साली मंडळाचं पथक स्वीडनला, स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवात गेलं. स्वीडिश जिम्नॅस्टिक्सचे जनक पेर हेन्रिक लिंग यांच्या नावाने तो महोत्सव भरायचा. पहिला १९३९ साली, लिंग यांच्या निधनाला शंभर वर्षं झाली म्हणून, आणि दुसरा १९४९ साली. युरोपच्या व्यायामशास्त्राचा तो मेळा. तिथे स्वतंत्र भारतातून गेलेल्या मुलांनी मल्लखांब केला. बर्लिनला जाताना ती मुलं ब्रिटिश साम्राज्याची प्रजा होती आणि स्टॉकहोमला जाताना स्वतंत्र देशाची नागरिक. एकाच आखाड्याने तेरा वर्षांच्या अंतराने या दोन्ही सफरी पाहिल्या. पुढे साठच्या दशकात पदवी महाविद्यालय निघालं, इमारती वाढल्या, नवे खेळ आले. मंडळाचे प्रभाकर वैद्य यांना २०१२ साली शारीरिक शिक्षणातल्या कामासाठी पद्मश्री मिळाली.

आता जरा जागेच्या जवळ जाऊ. मल्लखांब तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे, पण लांबून. जवळ जा. सागाचा किंवा शिसवीचा खांब, खाली जाड, वर निमुळता, माथ्यावर बोंड, त्याखाली मान. त्याला एरंडेल चोळलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या तेलाने आणि घामाने लाकूड काळं, गुळगुळीत झालेलं असतं. सात-आठ वर्षांची एक मुलगी येते, हात पुसते, खांबाला नमस्कार करते. मग उडी मारून पायांची अढी घालते. नंतर तेढी, मग बगली, दसरंग. वर पोचते तेव्हा तिचं सगळं अंग उलटं असतं आणि तोंड आपल्याकडे. खाली उभे असलेले शिक्षक ओरडत नाहीत, फक्त ‘मांडी आवळ’ एवढंच म्हणतात, आणि ती आवळते. त्या दोन शब्दांत बाळंभटदादा देवधरांपासूनची परंपरा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लविद्येचा पूरक व्यायाम म्हणून देवधरांनी मल्लखांब नव्याने रुजवला. त्याहीपूर्वी, बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, मल्लाने खांबावर करायच्या व्यायामाचा उल्लेख येतो. ती मुलगी यातलं काही जाणत नाही, आणि तिला जाणायची गरजही नाही. तिला अढी घालता येते.

आखाड्याची माती ही दुसरी गोष्ट. नुसती माती आणून हौदात ओतली की आखाडा होत नाही. माती चाळायची, त्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालायचा, मळायची. रोज पहाटे फावड्याने उकरायची, ढेकळं फोडायची, सारखी करायची, पाणी शिंपडायचं. हे काम पोरंच करतात आणि तोही व्यायामाचाच भाग असतो. महिनाभर माती उकरली नाही तर ती दगडासारखी होते आणि मग तिच्यावर पडणाऱ्याचं हाड मोडतं.

मला यात आणि आइस हॉकीच्या मैदानात एक विलक्षण साम्य दिसतं. बर्फाचं मैदान म्हणजे काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं, त्यातून खारं थंड पाणी सतत फिरतं, आणि वर जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचा बर्फ. खेळ झाला की स्केटच्या पात्यांनी तो खरवडला जातो. मग एक गाडी येऊन वरचा थर तासते आणि गरम पाण्याचा पातळ थर सोडते. फ्रँक झांबोनी यांनी कॅलिफोर्नियात १९४९ साली ही गाडी तयार केली, तोवर हे काम माणसं हातांनी करत असत. म्हणजे बर्फ असो की माती, खेळण्याची जागा रोज नव्याने करावी लागते. यंत्र बंद पडलं की बर्फ गेला. फावडं थांबलं की माती गेली. जुन्या क्रीडावास्तूला खरा धोका पावसापेक्षा या थांबण्याचा असतो.

आइस हॉकीच्या जुन्या घरांची कहाणी मला म्हणून महत्त्वाची वाटते. कॅनडात माँट्रियल शहरात व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक होतं. ३ मार्च १८७५ रोजी तिथे झालेला सामना हा छताखाली रीतसर खेळलेला पहिला आइस हॉकी सामना मानतात. जिथे तो खेळ खऱ्या अर्थाने जन्मला, त्या जागेवर पुढे गाड्या ठेवण्याचं गॅरेज आलं. टोरोंटोमध्ये मेपल लीफ गार्डन्स नावाची वास्तू १९३१ साली उभी राहिली. जगभर मंदी होती, कामगारांना मजुरीचा काही भाग कंपनीच्या शेअर्समध्ये घ्यावा लागला, आणि जेमतेम पाच-सहा महिन्यांत ती उभी राहिली. १९९९ साली तिथला व्यावसायिक संघ नव्या जागी गेला. पुढची बारा-तेरा वर्षं तिचं काय करायचं हा प्रश्न होता. शेवटी तोडगा निघाला तो असा की खाली किराणा-भाजीचं मोठं दुकान, आणि वर, त्याच जुन्या घुमटाखाली, विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी बर्फाचं मैदान. पुष्कळांनी नाकं मुरडली. मला मात्र हा तोडगा पटतो. त्या छपराखाली आजही पोरं खेळतात. बर्लिनच्या वास्तूला यादीत नाव मिळालं, पण तिच्यात खेळणारं रोजचं पोर उरलं नाही. टोरोंटोच्या वास्तूला पोर मिळालं, म्हणून ती वाचली.

आपल्या महाराष्ट्रात याची सगळ्यात मोठी साक्ष कोल्हापूरचं खासबाग मैदान. शाहू महाराज १९०२ साली ब्रिटिश राजाच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले होते, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कोलोसियम पाहिलं. परत आल्यावर त्यांनी मल्लांसाठी तसंच मैदान बांधायला घेतलं आणि १९१२ साली ते पुरं झालं. मधोमध लाल मातीचा हौद आणि भोवताली वर चढत जाणारी बैठक, अशी की कुठूनही कुस्ती दिसावी. राजाने मल्लाला दिलेला तो मान होता. शेजारीच पॅलेस थिएटर उभं राहिलं, ते पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून प्रसिद्ध झालं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली आणि शेजारच्या मैदानालाही तिची झळ पोचली. केशवरावांच्या जयंतीची ती आदली रात्र होती. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात माणसं रस्त्यात उभी राहून रडली. त्या अश्रूंबद्दल मला आदर आहे. पण रडायच्या आधीच्या दहा वर्षांत त्या वास्तूंची वायर किती वेळा तपासली गेली, हा प्रश्न प्रत्येक शहराने स्वतःला विचारायला हवा. मी तो अमरावती आणि अकोल्यालाही विचारतो आहे.

खासबागेचा दुसरा प्रश्न आगीपेक्षा अवघड आहे. कुस्ती मातीवरून मॅटवर गेली. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा ते मातीत वाढलेले मल्ल होते, मॅटची सवय त्यांना नव्हती, तरी ते सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. आज आंतरराष्ट्रीय कुस्ती नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात, गादीवर होते. ज्या पोराला ऑलिंपिकचं स्वप्न आहे त्याला मॅटच लागणार. त्याला मातीच्या प्रेमाखातर अडवणं हा त्याच्यावर अन्याय होईल. कबड्डीचंही तेच झालं. १९३६ साली अमरावतीने जगाला दाखवलेला हा खेळ १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ म्हणून आला. २०१४च्या जुलैमध्ये मुंबईत वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, दिव्यांच्या झगमगाटात, मॅटवर. त्याच वर्षी अमरावतीचा आखाडा शंभर वर्षांचा झाला. त्या झगमगाटात कोणाला अमरावतीची आठवण झाली नाही. याचं मला दुःख होतं, आणि ते बोलून दाखवायला मला संकोच वाटत नाही.

पण नुसतं दुःख करून भागायचं नाही. आता वऱ्हाडातल्या लहान आखाड्यांकडे पाहू. मोठी संस्था स्वतःची काळजी घेते. तिला महाविद्यालय आहे, वसतिगृहं आहेत, नाव आहे. अमरावतीच्या परकोटाच्या आतल्या गल्ल्यांमधल्या, अचलपूर-परतवाड्याच्या, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आखाड्यांना यातलं काहीच नाही. एक खोली, तिच्यात मारुतीची शेंदूर लावलेली मूर्ती, कोपऱ्यात करेला आणि मुद्गल, बाहेर एक हौद. कित्येक ठिकाणी हौदावर फरशी घातली गेली आणि वर व्यायामाची यंत्रं आली. तीही वाईट नाहीत, तिथेही पोट्टे घाम गाळतात. पण यंत्र एकट्याने वापरायचं असतं. मातीत उतरायला दुसरा लागतो. ज्याच्याशी झुंजायचं त्याचाच हात धरून उठायचं असतं. वस्ताद समोर बसून असतो आणि कोणाचा पोरगा आज आला नाही हे त्याला कळतं.

अकोलेकरांना मी एका गोष्टीची आठवण देतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी भरून कावडी अकोल्याला येतात, राजराजेश्वराला अभिषेक होतो. अठराएक किलोमीटर, अनवाणी, खांद्यावर भरणं घेऊन, रात्रभर. ते खांदे घडवायला पूर्वी आखाडे होते. रस्त्याने धावणारी ती हजारो पोरं पाहताना मला नेहमी वाटतं, की या शहरात ताकद आणि शिस्त दोन्ही आहेत, उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्यांना उभं राहायला जागा हवी. अकोल्यात शासनाची मुष्टियुद्धाची क्रीडा प्रबोधिनी आहे, तिथून मुलं पुढे गेली आहेत. म्हणजे मूळ हरवलेलं नाही. त्याला पाणी घालणारे हात हवेत.

राज्य सरकारने विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर क्रीडा संकुलं उभारण्याचं धोरण आखलं, कोट्यवधी रुपये खर्च झाले. मी त्या खर्चाच्या विरोधात नाही. खेड्यातल्या मुलीला धावायला चांगला ट्रॅक मिळालाच पाहिजे. माझं म्हणणं इतकंच, की संकुल बांधताना आधी शिक्षक नेमा, मग भिंत बांधा. वैद्य बंधूंनी हाच क्रम पाळला. त्यांच्याकडे आधी शिकवणारे होते, मग शिकणारे आले, इमारत कितीतरी नंतर आली. आपण उलटं करतो. आधी प्रेक्षकांची गॅलरी, मग उद्घाटनाची कोनशिला, आणि शिक्षकाची जागा रिक्त. अशी वास्तू पंधरा वर्षांत म्हातारी होते.

जुन्या जागांच्या बाबतीत कायदाही आपल्या बाजूने फारसा येत नाही. १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वास्तूंचा विचार करतो, पण त्याच्या डोळ्यांसमोर किल्ले, लेणी, मंदिरं असतात. तेलाने काळा पडलेला मल्लखांब त्याच्या नजरेत कसा भरणार? आणि खरं सांगायचं तर मला आखाड्याचं स्मारक व्हायला नकोही आहे. स्मारकाभोवती साखळी लागते आणि आत जायला तिकीट. आखाड्याच्या दाराला कडी नसावी. त्याची नोंद मात्र व्हावी. महापालिकेने शहरातल्या सगळ्या आखाड्यांची यादी करावी, कोणाची जागा कोणाच्या नावावर आहे ते कागदावर आणावं, कारण वाद निघाला की पहिला बळी आखाड्याचाच जातो. वीज आणि छपराची तपासणी दर वर्षी व्हावी. आणि प्रत्येक जुन्या आखाड्यामागे एक शिक्षक, मग तो अर्धवेळ का असेना, पगारावर असावा. यातली कुठलीही गोष्ट अशक्य नाही. एका नव्या गॅलरीच्या खर्चात हे वर्षानुवर्षं चालेल.

दुसरं काम सरकारचं नाही, आपलं आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १९८३ पासून इथे आहे. इतिहासाचे, शारीरिक शिक्षणाचे, समाजशास्त्राचे विद्यार्थी दर वर्षी विषय शोधत असतात. वऱ्हाडातल्या पाचही जिल्ह्यांतल्या आखाड्यांचा इतिहास त्यांनी लिहावा. कोणत्या वर्षी सुरू झाला, वस्ताद कोण होते, कोणत्या जातीधर्माची मुलं येत, मुलींना पहिल्यांदा कधी आत घेतलं, चाळीसच्या दशकातल्या चळवळीत तिथल्या कोणी तुरुंगवास भोगला, हे सगळं. हे सांगणारे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे जायला उशीर करू नका. प्रश्नावली नंतर करा, आधी जाऊन बसा.

बर्लिनला आणि स्टॉकहोमला गेलेल्या मुलांचे वंशज याच जिल्ह्यांत आहेत, काही कदाचित या सभागृहातही असतील. त्यांच्या घरातल्या पेटाऱ्यात, माळ्यावर, जुन्या अल्बममध्ये काय असेल याची कल्पना करा. गणवेशातला एखादा फोटो, बोटीवरून लिहिलेलं पत्र, आखाड्याची वर्गणीची पावती, एखादा फाटका लेझीमचा पट्टा, उन्हाळी वर्गाचं प्रमाणपत्र. घर बदलताना, वाटण्या होताना या वस्तू रद्दीत जातात.

माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. असं काही तुमच्या घरात असेल तर या आठवड्यात ते बाहेर काढा, त्याच्या मागे नाव-गाव-साल लिहा, आणि तुमच्या गावच्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला त्याची प्रत करून द्या. मूळ वस्तू तुमच्याकडेच ठेवा. आणि तुमच्या गल्लीतला आखाडा अजून उघडत असेल, तर येत्या सोमवारपासून घरातल्या एका लेकराला तिथे पाठवा.